सिल्व्हरटाउन बोगदा

लंडनच्या पूर्व भागात टेम्स नदीखालून जाणारा दुहेरी रस्ता-बोगदा. लांबी सुमारे १·४ किमी. नदीच्या उत्तरेकडील सिल्व्हरटाउन व दक्षिणेकडील ग्रिनिच द्वीपकल्प यांना जोडणारा हा बोगदा ७ एप्रिल २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला.

लंडनमधील बहुतेक पूल मध्य व पश्चिम भागांत आहेत. टॉवर पुलाच्या पूर्वेस मोठ्या जहाजांची ये-जा असल्याने तेथे नदी ओलांडण्यासाठी मुख्यत्वे बोगदे खणण्यात आले. त्यांपैकी ब्लॅकवॉल बोगद्याची पहिली नळी १८९७ मध्ये व दुसरी १९६७ मध्ये खुली झाली. पहिली नळी घोडागाड्यांच्या काळातील, अरुंद व वळणांची असून ४ मी.हून उंच वाहनांना तीत मज्जाव आहे. असे वाहन चुकून आल्यास किंवा एखादे वाहन आत बंद पडल्यास मार्ग अडे व जवळ दुसरा पर्याय नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी नवा बोगदा योजण्यात आला.

नदीतळाखालील जलयुक्त थरांतून खोदताना समोरची माती ढासळून पाणी आत शिरण्याचा धोका असतो. ब्लॅकवॉलची पहिली नळी खणताना संपीडित हवेच्या दाबाने पाणी थोपविण्यात आले होते. सिल्व्हरटाउन येथे सुमारे १२ मी. व्यासाचे वेधनयंत्र वापरले गेले. त्याच्या फिरत्या चक्राने कापलेली माती चक्रामागील कोठीत साठते व समोरच्या माती-पाण्याचा दाब तोलून धरते. मळसूत्री वाहकाने ती बेताबेताने बाहेर काढतात. यंत्र पुढे सरकेल तसे मागे काँक्रीटच्या पूर्वरचित खंडांचे कडे बसवून त्याबाहेरील पोकळी सिमेंटच्या पातळ मिश्रणाने भरतात. लंडनमधील पहिल्या महिला बसचालक जिल व्हाइनर यांच्यावरून या यंत्राला ‘जिल’ हे नाव देण्यात आले. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते ग्रिनिचला पोहोचले. तेथे त्याला वळविण्यात आले आणि दुसरी नळी खणून सप्टेंबर २०२३ मध्ये ते परतले.

नवा रस्ता नवी वाहतूक ओढून घेतो आणि हवेचे प्रदूषण वाढवितो, असा आक्षेप स्थानिक रहिवाशांनी व पर्यावरणवाद्यांनी घेतला. दोन्ही बोगद्यांवर एकाच दिवशी पथकर लागू करण्यात आला. केवळ नव्या बोगद्यावर तो आकारला असता, तर वाहने जुन्याकडेच वळली असती. हा कर बांधकामाच्या खर्चाची परतफेड करतो, तसेच दर बदलून वाहतुकीला आळा घालण्याचे साधनही ठरतो. प्रत्येक दिशेची एक मार्गिका बसगाड्या व अवजड वाहने यांसाठी राखीव आहे.