गाय उलटते, वळू सुटतो

विदर्भातल्या मौद्याच्या एखाद्या गोठ्यात गाय लागोपाठ तीनदा उलटली, म्हणजे रेतन करूनही पुन्हा माजावर आली, की दोष तिच्याच नावावर पडतो. मग खनिज मिश्रण, गर्भाशय धुणे आणि शेवटी बाजार. वळूची चौकशी होत नाही, कारण तो कुणाला दिसतच नाही. दिसते ती उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमधून चिमट्याने उचललेली, कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरलेली पाव मिलिलिटरची कांडी. तिच्यात सुमारे २ कोटी शुक्राणू असतात आणि वर वळूचा क्रमांक व रेत काढल्याची तारीख छापलेली असते. त्या क्रमांकाच्या वळूची निवड मुख्यतः आईच्या दुधावर झालेली असते. त्याच्या रेताने किती गायी गाभण राहिल्या, हा आकडाही शेतकऱ्याला तितक्याच सहज मिळायला हवा.

रेतकेंद्रात सूक्ष्मदर्शकाखाली हालचाल पाहतातच की, असे कोणी म्हणेल. पण हालचाल म्हणजे फलन नव्हे. फ्लेकवी जातीच्या काही वळूंचे रेत तपासणीत निर्दोष होते, तरी शंभरात दोन गायीही गाभण राहत नव्हत्या. टीएमईएम९५ या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्याचे २०१४ मध्ये उघड झाले. दुसरे उदाहरण अमेरिकेतल्या ‘चीफ’ या होल्स्टीन वळूचे, जन्म १९६२. त्याच्या १६ हजारांवर मुली दुधाला नामी निघाल्या, पण त्याच्याकडे एपीएएफ१ जनुकाची एक सदोष प्रत होती. पुढच्या पिढ्यांत आई आणि बाप दोघांकडूनही तीच प्रत आली की गर्भ टिकत नसे. अशा गर्भपातांचा जगभरचा अंदाज ५ लाखांच्या घरात आहे. गोठ्यात मात्र एवढेच दिसते की गाभण म्हणून सोडलेली गाय काही महिन्यांनी पुन्हा माजावर आली.

खरा आक्षेप वेगळा आहे. गर्भधारणेवर आनुवंशिकतेचा वाटा थोडा. माज ओळखण्यातली चूक, चारा आणि रेतन करणाऱ्याचा हात यांचाच मोठा. त्यात विदर्भाचा उन्हाळा. शुक्राणू तयार व्हायला दोन महिने लागतात, म्हणून मे महिन्याचा तडाखा जुलैच्या रेतातही उतरू शकतो. हे सारे मान्य. म्हणूनच दोन-चार गायींवरून वळूला नापास करू नये. पण एका वळूच्या हजारो कांड्या निरनिराळ्या गावांत, निरनिराळ्या हातांनी वापरल्या जातात. तिथे स्थानिक चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात. कांडीवरच्या तारखेने उन्हाळाही वेगळा काढता येतो. कानातल्या बारा अंकी बिल्ल्यावर रेतन आणि गर्भतपासणी यांची नोंद होतेच. ती वळूच्या क्रमांकाशी जोडून मांडायची, इतकेच.

गवळाऊच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा लागेल. नागपूर-वर्ध्याच्या या घरच्या जातीत वळूच मोजके; एका सदोष जनुकापायी वळू बाद केला तर त्याच्याबरोबर चांगली जनुकेही जातील. तिथे वळू ठेवायचा, पण कोणत्या गायीला त्याची कांडी भरायची नाही हे आधी ठरवायचे.