तेलाचा डबा आणि प्रवेशपरीक्षा

साखळीच्या बाजारातील किराणा दुकानांत खोबरेल, तिळाचे तेल, तूप आणि वनस्पती हे जिन्नस शेजारी शेजारी मांडलेले असतात. त्यांचे भाव आपणांस मुखोद्गत असतात; परंतु वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेस बसणाऱ्या आपल्याच मुलामुलींना ‘लिपिड’ हे प्रकरण मात्र जड जाते. ते दुकानातील जिनसांवरूनच समजून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

पाण्यात न विरघळणे हे लिपिडांचे सामान्य लक्षण होय. रचना नाना प्रकारची. तेल-तूप म्हणजे ट्रायग्लिसराइड. त्यात ग्लिसरॉलच्या एका रेणूस मेदाम्लांचे तीन रेणू जोडलेले असतात. मेदाम्लाच्या कार्बनसाखळीत दुहेरी बंध नसेल तर ते संपृक्त, असेल तर असंपृक्त. दुहेरी बंधापाशी साखळीस बाक येतो, रेणू दाटीने बसत नाहीत. म्हणून तिळाचे तेल हिवाळ्यातही पातळ राहते.

येथे खोबरेल विद्यार्थ्यास चकविते. नाव तेलाचे, परंतु त्यातील सुमारे ९० टक्के मेदाम्ले संपृक्त! त्यांत बारा कार्बनांचे लॉरिक आम्ल जवळजवळ निम्मे. साखळ्या आखूड असल्यामुळे खोबरेल २४ अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळते, आणि पौषातल्या पहाटे बाटलीत थिजलेले दिसते.

वनस्पती तुपाची गोष्ट निराळी. तेलात हायड्रोजन अर्धवट मिसळला असता उरलेल्या काही दुहेरी बंधांची ठेवण पालटून ‘ट्रान्स’ मेद निर्माण होतो. तो हृदयास अपायकारक असल्यामुळे जानेवारी २०२२ पासून खाद्य तेल-तुपांत त्याचे प्रमाण २ टक्क्यांवर असता कामा नये, असा नियम आहे. परीक्षार्थ्याइतकाच तो व्यापाऱ्यानेही ध्यानात ठेवावा.

एक ग्रॅम मेदापासून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, पिष्टापासून ४; म्हणून शरीर आपली शिल्लक मेदाच्या रूपाने ठेवते. फॉस्फोलिपिडात तिसऱ्या मेदाम्लाच्या जागी फॉस्फेट असते. त्याचे डोके पाण्याकडे वळते, शेपट्या पाण्यापासून दूर राहतात. अशा दुहेरी थराने पेशीचे पटल बनते. कोलेस्टेरॉलपासून पित्तक्षार, काही संप्रेरके व ड जीवनसत्त्व तयार होतात. ते मुख्यतः प्राणिज. तेव्हा वनस्पतिजन्य तेलाच्या डब्यावरील ‘कोलेस्टेरॉलविरहित’ या अक्षरांत विशेष ते काय?

शेवटी परीक्षकांचा एक आवडता प्रश्न. लिपिडांचा रेणुभार फार मोठा नसतो, तरी ती प्रथिनांसारख्या महारेणूंबरोबर आम्लात न विरघळणाऱ्या भागात का सापडतात? ऊती वाटताना पटलांचे तुकडे होऊन त्यांच्या लहान पिशव्या बनतात व त्या पाण्यात विरघळत नाहीत, हे त्याचे उत्तर.