दगडी ओळखणारी ताटली

गाईच्या कासेत चार कप्पे असतात आणि एकातलं दूध दुसऱ्यात जात नाही. म्हणून एक सड बिघडला तरी उरलेले तीन निरोगी राहू शकतात. चारही सडांच्या धारा एकाच बादलीत पडल्या की मात्र हा फरक कळेनासा होतो. दगडीचा, म्हणजे कासदाहाचा, सुप्त प्रकार त्यामुळेच महिनोन्‌महिने लपून राहतो. कास सुजत नाही, दुधात गाठी येत नाहीत, गाय वैरण सोडत नाही. फक्त दूध कमी होत जातं आणि दोष पेंडीला दिला जातो.

या आजारासाठी शाल्म आणि नूर्लँडर या संशोधकांनी १९५७ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट मांडली. पशुवैद्यक तिला सीएमटी म्हणतात. साधन एवढंच: चार उथळ कप्प्यांची, दांड्याची प्लास्टिकची ताटली आणि बाटलीभर जांभळट द्राव. सड पुसून पहिल्या धारा बाजूला काढायच्या. मग प्रत्येक सडाचं थोडं दूध त्याच्या कप्प्यात घेऊन तेवढाच द्राव घालायचा आणि ताटली आडवी धरून गोल फिरवायची. दहाएक सेकंद पुरतात. निरोगी दूध पातळच राहतं. किंचित बिघाड असेल तर तळाशी दाटपणा दिसतो आणि फिरवत राहिलं की विरतो. रोग जोरात असेल तर मधोमध जेलीसारखा गोळा उभा राहतो.

हा गोळा येतो गाईच्याच पांढऱ्या पेशींतून. कासेत जंतू शिरले की त्यांच्याशी लढायला या पेशी दुधात उतरतात. निरोगी दुधात त्या मिलिलिटरला साधारण दोन लाखांच्या आत असतात, जोरदार दाहात पन्नास लाखांच्या वर जातात. द्रावातलं डिटर्जंट पेशींची आवरणं फोडतं, आतला डीएनए बाहेर पडून एकमेकांत गुंततो आणि दूध घट्ट होतं. सूक्ष्मदर्शकाखालची लढाई गोठ्यातल्या उजेडात नुसत्या डोळ्यांना दिसावी, याचं मला फार अप्रूप आहे. डिटर्जंटच काम करतं म्हणून फैसलाबादच्या कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी कपडे धुण्याच्या पावडरीचं तीन टक्के द्रावण वापरून याच धर्तीची ‘सर्फ टेस्ट’ बसवली. छोट्या गोठ्यांसाठी हे काम मला मूळ शोधाइतकंच मोलाचं वाटतं.

महाराष्ट्राला तर अशा चाचणीची गरज आहेच. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरळी कांचनला ‘बाएफ’ ही संस्था सुरू केली आणि संकरित गाय गावोगाव पोहोचली. दूध वाढलं, तसा कासेवरचा ताणही वाढला.

चाचणीला मर्यादा आहेत. नुकत्याच व्यालेल्या गाईचा चीक आणि आटत आलेलं दूध रोग नसतानाही घट्ट होऊ शकतं. जंतू कोणता, हेही ताटली सांगत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत वाढवून कोणतं औषध लागू पडतं ते पाहावं लागतं. आपल्याकडे ही पायरी गाळून सरळ सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली जाते, याची मला खरी काळजी वाटते. औषधाचा अंश दुधात उतरतो. अशा दुधाला कधी कधी विरजणही लागत नाही, आणि जंतू औषधाला सरावतात ते वेगळंच.

सुप्त दगडी सापडल्यावर लगेच करता येण्याजोगी कामं साधी आहेत. त्या गाईची धार सगळ्यांत शेवटी काढावी, कास पुसायचं फडकं वेगळं ठेवावं, धार झाल्यावर सड आयोडिनच्या द्रावणात बुडवावेत. गाय आटवताना सडांत कोणतं औषध सोडायचं, ते पशुवैद्यकाने प्रयोगशाळेचा अहवाल पाहून ठरवावं.