एक्केचाळिसाव्या चॅनलची गोष्ट

९ जुलै २००० रोजी ‘ई टीव्ही मराठी’ सुरू झालं आणि परभणी जिल्ह्यातल्या ताडकळससारख्या गावात मराठी पुन्हा एकदा हैदराबादहून येऊ लागली. ‘पुन्हा एकदा’ हे मुद्दामच म्हणतोय. निजामाच्या राज्यात रेडिओही हैदराबादचाच होता. एका हौशी माणसाने सुरू केलेलं खासगी केंद्र सरकारने १९३५ मध्ये ताब्यात घेतलं, पुढे औरंगाबादलाही एक केंद्र निघालं. राज्यात मराठी बोलणारे साधारण चौथा हिस्सा, कारभार मात्र उर्दूतून. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने युद्धबंदी जाहीर केली तीही त्याच रेडिओवरून. १ एप्रिल १९५० ला ती केंद्रं आकाशवाणीत गेली. मग १९५६ ला मुंबई राज्य, मग १९६० ला महाराष्ट्र. पूर्णा तालुक्यातल्या माणसाने घर न हलवता तीन राज्यं पाहिली. १९६८ ला परभणी आकाशवाणी आली, ती शेतकऱ्यांची झाली, आणि हैदराबादचा संबंध नातेवाईक, दवाखाना आणि रेल्वे एवढाच उरला. त्यानंतर कित्येक वर्षांनी रामोजी राव या तेलुगू उद्योगपतीने हयातनगरजवळच्या चित्रनगरीतून मराठी मालिका आणि बातम्या पाठवायला सुरुवात केली. याचं आश्चर्य आपल्याकडे फारसं कुणाला वाटलं नाही. मला वाटलं, आणि ते अजून ओसरलेलं नाही.

भाषा एकीकडची आणि मनोरा दुसरीकडचा, असं आणखी कुठे झालंय का, हे शोधत गेलो तेव्हा टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहराशी येऊन थांबलो. तेही आपल्यासारखंच, राज्य बदललेलं शहर. १८३६ पर्यंत मेक्सिकोचं, मग स्वतंत्र टेक्सासचं, १८४५ पासून अमेरिकेचं. स्पॅनिश बोलणारी कित्येक घरं तिथे इंग्रजीच्या आधीपासून होती. तरी त्यांच्या भाषेतलं पहिलं पूर्णवेळ टीव्ही स्टेशन निघायला १९५५ उजाडावं लागलं. ते काढलं राऊल कोर्तेस नावाच्या माणसाने. मराठीत त्याच्यावर काही लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही, आणि स्पॅनिश टीव्हीच्या इतिहासातही त्याला बहुधा दोन-तीन परिच्छेदांत उरकतात. कारण उघड आहे: तो त्या धंद्यात बुडाला. पैसे ज्यांनी कमावले त्यांची चरित्रं निघतात.

कोर्तेसचा जन्म १९०५ चा, मेक्सिकोतल्या वेराक्रूस प्रांतात, हालापा गावी. सॅन अँटोनिओत आल्यावर त्याने ‘ला प्रेन्सा’ या स्पॅनिश दैनिकात बातमीदारी केली, पर्ल नावाच्या बिअर कंपनीत विक्रेता म्हणूनही काम केलं. या दोन नोकऱ्या एकत्र ठेवून पाहिल्या की माणूस कळतो. बातमी काय आहे हे पहिलीने शिकवलं, आणि बातमीच्या आजूबाजूला कुणाची जाहिरात लावायची हे दुसरीने. पुढे त्याने दुसऱ्यांच्या इंग्रजी रेडिओ स्टेशनवर तासाच्या भावाने वेळ विकत घेतली, त्यात स्पॅनिश कार्यक्रम केले आणि जाहिराती स्वतः फिरून जमवल्या. तेव्हाच्या अमेरिकेत परभाषी रेडिओ असाच चाले. मालकाला न खपणारी वेळ, भल्या पहाटेची किंवा रात्री उशिराची, ती या लोकांच्या गळ्यात मारायची.

१९४४ मध्ये त्याने स्वतःच्या स्टेशनसाठी अर्ज केला. युद्ध चालू होतं, आणि परभाषेतल्या प्रसारणाकडे सरकार संशयाने पाहत होतं. कोर्तेसने संशयाचाच उपयोग करून घेतला: मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांना युद्धकार्यात ओढायचं तर त्यांच्या भाषेत बोलणारं स्टेशन हवं. युद्ध संपलं तरी परवाना मिळाला, आणि १५ फेब्रुवारी १९४६ ला केकॉर रेडिओ सुरू झाला. नावातला ‘कॉर’ त्याच्याच आडनावाचा. अमेरिकेत स्पॅनिश वंशाच्या माणसाच्या मालकीचं, दिवसभर स्पॅनिशच बोलणारं हे पहिलं रेडिओ स्टेशन.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. कोर्तेस निव्वळ दुकानदार नव्हता. मेक्सिकन अमेरिकनांच्या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या ‘ल्युलॅक’ संघटनेचा तो दोनदा अध्यक्ष झाला. त्याच काळात, १९४८ मध्ये, टेक्सासच्या शाळांत मेक्सिकन मुलांना वेगळं बसवण्याविरुद्धचा डेल्गादो खटला उभा राहिला आणि जिंकला गेला. त्या खटल्यासाठी निधी जमवण्यात कोर्तेसच्या रेडिओचा हात होता. संध्याकाळी गाणी, मध्ये पिठाची जाहिरात, आणि मग वकिलाच्या फीसाठी आवाहन. माझ्या मते स्थानिक माध्यमाचं सगळं बळ या मिसळीत आहे. चळवळीचं माध्यम वेगळं आणि करमणुकीचं वेगळं अशी वाटणी आपण करतो, तेव्हा पहिल्याला श्रोता उरत नाही आणि दुसऱ्याला लाज.

रेडिओ चालला, म्हणून त्याने टीव्हीत उडी घेतली. १० जून १९५५ ला केकॉर टीव्ही सुरू झालं, चॅनल क्रमांक एक्केचाळीस. गोची त्या क्रमांकातच होती.

अमेरिकेत तेव्हा टीव्हीचे क्रमांक दोन जातींचे होते. दोन ते तेरा हे व्हीएचएफ. जुने, दूरवर पोचणारे, मोठ्या इंग्रजी नेटवर्कांनी आधीच अडवलेले. चौदाच्या पुढचे यूएचएफ, १९५२ मध्ये खुले केलेले. ते मिळायला सोपे, कारण कुणाला नको होते. बाजारातल्या बहुतेक टीव्हींना तेराच्या पुढे जाणारी चकतीच नव्हती. एक्केचाळीस पाहायचं तर वेगळा कन्व्हर्टर घ्या, छतावर वेगळा अँटेना लावा. म्हणजे स्टेशन शहरातल्या गरीब वस्तीसाठी, आणि ते पाहण्याचा जादा खर्चही त्याच वस्तीने करायचा.

मराठवाड्यात ज्यांनी केबलची सुरुवातीची वर्षं पाहिली त्यांना हे समजावून सांगायला नको. आपल्या जुन्या संचांना आठ नाहीतर बारा बटणं. केबलवाल्याकडे पन्नास चॅनल आले तरी त्या टीव्हीवर दिसणार तितकेच, आणि त्यात कोण बसणार हे केबलवाला ठरवणार. पुढे या जागांसाठी चॅनलवाले केबलवाल्यांना पैसे मोजू लागले, त्याला ‘कॅरेज फी’ असं प्रतिष्ठित नाव मिळालं. उपग्रह भाषाभेद करत नाही म्हणतात. भेद खाली, खांबावर होतो.

केकॉर टीव्ही संध्याकाळी सुरू व्हायचं. मेक्सिकन चित्रपट, आणि स्टुडिओतून थेट रंगमंची कार्यक्रम: गाणी, प्रहसनं, नकला, रेडिओवरचेच कलावंत आता तोंड दाखवत. वस्तीत ते लाडकं झालं. पण जाहिरात-संस्थांना पटवायचं होतं की हे लोक आहेत, ते टीव्ही बघतात, आणि साबण विकत घेतात. ज्या मोजणीवर जाहिरातीचे दर ठरत त्या मोजणीत स्पॅनिश घरं नीट धरलीच जात नव्हती. मोजणारा इंग्रजीत विचारणार, घरात उत्तर देणारी आजी स्पॅनिश बोलणार, आणि कागदावर प्रेक्षक शून्य. कोर्तेसने तोटा सहन करत सहा वर्षं रेटली आणि १९६१ मध्ये टीव्ही स्टेशन विकून टाकलं. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, अमेरिकन संसदेने कायदा केला की प्रत्येक नव्या टीव्हीला यूएचएफ दिसलंच पाहिजे. १९६४ पासून तो लागू झाला. तीन वर्षं उशीर. १९७१ मध्ये कोर्तेस गेला.

स्टेशन विकत घेणाऱ्यांत त्याचा जावई होता, एमिलिओ निकोलास. हाही वेगळाच माणूस. मेक्सिकोतल्या कोआविला प्रांतातून शिकायला आलेला, पोलिओच्या लशीवरच्या संशोधनात काम केलेला, प्रयोगशाळा सोडून सासऱ्याच्या तोट्यातल्या स्टेशनात शिरलेला. केकॉरचं नाव बदलून केवेक्स झालं. खरा पैसा मात्र एमिलिओ अस्काऱ्हागा विदाउर्रेता यांचा. मेक्सिको सिटीतल्या टीव्हीचे सम्राट, ज्यांच्या घराण्याचं साम्राज्य पुढे ‘तेलेविसा’ म्हणून ओळखलं गेलं. त्यांचा अमेरिकेतला माणूस रेने अन्सेल्मो, इटालियन वंशाचा, पुढे खासगी उपग्रहाच्या धंद्यात गाजलेला. सॅन अँटोनिओ, मग १९६२ मध्ये लॉस एंजेलिसचं चौतीस क्रमांकाचं केमेक्स, मग एकेक शहर. मालिका मेक्सिकोत तयार व्हायच्या आणि त्यांच्या टेप एका स्टेशनाकडून दुसऱ्याकडे फिरायच्या. १९७६ मध्ये हे जाळं उपग्रहावर गेलं.

आता भांडण. अमेरिकेच्या १९३४ च्या कायद्यानुसार परदेशी माणसाला प्रसारण परवान्यात २० टक्क्यांहून जास्त हिस्सा ठेवता येत नाही. अस्काऱ्हागांनी परवानाधारक कंपनीत नेमका २० टक्के ठेवला. कार्यक्रम पुरवणाऱ्या आणि जाहिराती विकणाऱ्या नेटवर्क कंपनीला परवाना लागत नव्हता, तिच्यात मात्र ते पाऊण मालक. म्हणजे घर निकोलास-अन्सेल्मोंच्या नावावर, आणि किराणा, भाडं, चाव्या मेक्सिको सिटीकडे. १९७६ मध्ये आतल्याच एका भागधारकाने दावा लावला. लॉस एंजेलिसच्या थिएटरवाल्या घराण्यातला तो, फ्रँक फाउस नावाचा. १९८० मध्ये स्पॅनिश रेडिओवाल्यांच्या संघटनेने तक्रार केली, कारण जाहिरातीचा पैसा टीव्हीकडे वळत होता. तत्त्व परकीय ताब्याचं, पोटदुखी गल्ल्याची. जगातली बहुतेक अस्मितेची भांडणं अशीच सुरू होतात. त्यामुळे ती खोटी ठरत नाहीत.

जानेवारी १९८६ मध्ये न्यायाधीश जॉन कॉनलिन यांनी निकाल दिला: परदेशी नियंत्रण आहे, परवाने पुढे चालू ठेवता येणार नाहीत. स्टेशनं विकणं भाग पडलं. बोली लावणाऱ्यांत स्पॅनिश वंशाच्या गुंतवणूकदारांचा एक गट होता, आणि त्याची बोली जास्त रकमेची होती. स्टेशनं गेली ३० कोटी १५ लाख डॉलरला, हॉलमार्ककडे. होय, तेच, वाढदिवसाची शुभेच्छापत्रं छापणारे, कॅन्सस सिटीचे. परक्याच्या ताब्यातून सोडवलेली भाषा अशी ज्यांना ती येत नव्हती त्यांच्या हाती आली. आणि १९९२ मध्ये त्यांनी ती पुन्हा विकली, तेव्हा घेणाऱ्यांत तेलेविसा भागीदार म्हणून परत हजर. तोवर नाव झालं होतं युनिव्हिजन.

त्याच १९८६ सालातलं दुसरं प्रकरण मला निकालाहून महत्त्वाचं वाटतं. तेलेविसाने आपला ज्येष्ठ वृत्तनिवेदक हाकोबो साब्लुदोव्स्की याला या जाळ्याच्या बातम्यांचा प्रमुख करायचं ठरवलं. मेक्सिकोत तो सत्ताधारी पक्षाला सांभाळून बातम्या देणारा म्हणून ओळखला जाई. मायामीतल्या वृत्तविभागाचा प्रमुख गुस्ताबो गोदोय याने राजीनामा दिला, त्याच्यामागे बरेच सहकारीही बाहेर पडले. मालिका मेक्सिकोच्या चालतील, गाणी चालतील, पण बातम्यांचा संपादक तिकडून येणार नाही, ही रेघ त्यांनी ओढली. साब्लुदोव्स्कीला ती खुर्ची मिळाली नाही.

या मोजपट्टीने हैदराबादकडे पाहिलं की रामोजी राव हे अस्काऱ्हागांचे भाऊबंद वाटतात, आणि लगेच नाहीतही. दोघांनीही परमुलखातल्या भाषिकांना गिऱ्हाईक म्हणून ओळखलं. पण अस्काऱ्हागांनी मेक्सिकोचा तयार माल पाठवला. रामोजींनी ‘ईनाडू’ दैनिकात जिल्ह्याची स्वतंत्र पानं काढून तालुक्यातालुक्यातल्या वार्ताहरांचं जाळं विणलं होतं, तीच रीत त्यांनी मराठी टीव्हीला लावली. बातमीदार जिल्ह्यात बसला, निवेदक हैदराबादेत. परभणी, हिंगोली, नांदेड ही नावं दुष्काळ किंवा दंगल नसतानाही टीव्हीवर ऐकू येऊ लागली. मुंबईने हे केलं नव्हतं. २ ऑक्टोबर १९७२ पासून हाती दूरदर्शन असूनही केलं नव्हतं. मराठी टीव्ही पत्रकारितेतली एक अख्खी पिढी रामोजींच्या चित्रनगरीत तयार झाली, आणि मग चांगल्या पगारावर मुंबईला गेली. करमणुकीत मात्र त्यांनीही सासू-सुनेचाच रस्ता धरला: ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चाललं.

१५ ऑगस्ट २००१ ला याच घराने ‘ई टीव्ही उर्दू’ काढलं. सॅन अँटोनिओच्या स्टेशनाचा आपल्याकडचा खरा जोडीदार हाच. परभणीच्या जुन्या मोहल्ल्यांत, पूर्णेच्या रेल्वे वसाहतीत उर्दू बोलणारी घरं आहेत; एके काळी राजभाषा असलेली, नंतर शाळेपुरती उरलेली ती भाषा. त्यांच्या तोंडची दखनी आणि निवेदकाची लखनवी वळणाची उर्दू यांत अंतर होतं, तरी जिल्ह्याची बातमी आपल्या भाषेत ऐकण्याचा मान होता. मराठी वाचकांच्या चर्चेत या वाहिनीचा उल्लेखही येत नाही. मराठीला हैदराबादेने काय दिलं हे विचारताना उर्दूला महाराष्ट्राने काय दिलं हेही विचारायला हरकत नसावी.

पुढचं भराभर. रामोजींच्या प्रादेशिक वाहिन्या नेटवर्क १८ कडे, म्हणजे रिलायन्सच्या छत्राखाली गेल्या. २०१५ मध्ये ‘ई टीव्ही मराठी’चं ‘कलर्स मराठी’ झालं, उर्दू वाहिनीही पुढे ‘न्यूज १८’च्या नावाखाली गेली. रामोजी राव जून २०२४ मध्ये वारले.

आणि सॅन अँटोनिओत २०१३ मध्ये एक शेवटचं भांडण झालं. १९५५ ची ती स्टुडिओची इमारत स्टेशनाने सोडली होती, जागेवर अपार्टमेंट बांधायची होती. इमारतीला वास्तुशिल्प म्हणून काही मोल नाही, असं बांधणाऱ्यांचं म्हणणं. वस्तीतल्या संघटना कोर्टात गेल्या, पाडकाम काही काळ थांबलंही. मग स्थगिती उठली. नोव्हेंबरात यंत्रं आली तेव्हा लोक आडवे झाले, काहींना अटक झाली, आणि भिंती पडल्या. निदर्शकांची मागणी तशी साधी होती: अमेरिकेतला स्पॅनिश टीव्ही याच खोलीत सुरू झाला, एवढी गोष्ट शहराने मान्य करावी. युनिव्हिजन तोवर अब्जावधी डॉलरची कंपनी झाली होती. इमारत वाचवायला ती पुढे आली नाही.