रॉकेटच्या कसोटीचं दीड मिनिट

वेग जितका जास्त तितका हवेचा मारा जास्त, असं आपण धरून चालतो. रॉकेटच्या बाबतीत हे अर्धंच खरं आहे. हा मारा हवेची घनता आणि वेगाचा वर्ग, दोन्हींवर ठरतो. जमिनीजवळ हवा दाट, पण वेग कमी. खूप वर वेग प्रचंड, पण हवा विरळ. मधे, साधारण दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर, उड्डाणाच्या पहिल्या दीड मिनिटातच हा मारा कळसाला पोचतो.

समोरून आलेला दाब रॉकेट पेलतं. धोका तिरपं होण्यात आहे. येणाऱ्या हवेशी काही अंशांचा कोन झाला, तरी त्या लांब, पातळ भिंतीच्या नळकांड्यावर वाकवणारा जोर येतो. आडव्या वाऱ्यानेही असा कोन होतो, म्हणूनच उड्डाणाआधी फुगे सोडून वरचे वारे मोजतात.

इस्रोने हा धडा एएसएलव्ही या रॉकेटकडून मोठी किंमत मोजून घेतला. 13 जुलै 1988 च्या दुसऱ्या उड्डाणात बाजूला जोडलेले स्ट्रॅप-ऑन बूस्टर विझून मधला टप्पा पेटण्याची वेळ आणि हवेचा मारा शिगेला पोचण्याची वेळ जवळजवळ एकच आली. नियंत्रण अपुरं पडलं, रॉकेट तिरपं झालं आणि मोडलं. मग बुडाशी स्थिर पंख आले. मधला टप्पा ठरलेल्या सेकंदाला न पेटवता स्ट्रॅप-ऑनचा जोर खरोखर ओसरल्यावर पेटवायचं ठरलं. 20 मे 1992 ला तिसरं उड्डाण यशस्वी झालं.

नाकाचा प्रश्न वेगळा. पीएसएलव्ही रॉकेटचं धड 2.8 मीटर व्यासाचं, पण उपग्रहाला जागा हवी म्हणून डोक्यावरचं उष्णतारोधक कवच 3.2 मीटरचं. ध्वनीच्या वेगाच्या आसपास या फुगवट्यामागे हवेचा प्रवाह पृष्ठभाग सोडतो, आघातलहरी मागेपुढे होतात आणि सांगाडा थरथरतो. 2014 च्या चाचणी उड्डाणानंतर एलव्हीएम-3 रॉकेटच्या कवचाला कमानदार निमुळता आकार दिला आणि स्ट्रॅप-ऑनची टोकंही बदलली, ती यासारख्याच कारणांसाठी. 2017 चं उड्डाण नव्या रूपात झालं.

सुमारे 115 किलोमीटरवर हवा जवळजवळ उरत नाही. तिथून पुढे कवच म्हणजे निव्वळ ओझं, म्हणून ते दुभंगून टाकून देतात. 31 ऑगस्ट 2017 ला पीएसएलव्ही-सी39 चं कवच सुटलंच नाही आणि आयआरएनएसएस-1एच उपग्रह आतच अडकला. त्याची जागा घेणारा 1आय हा उपग्रह 12 एप्रिल 2018 ला पीएसएलव्हीनेच कक्षेत पोचवला.