सडा पडीक नसतो

एप्रिल महिन्यात कोकणातल्या सड्यावर उभे राहिले तर दिसतो तो तापलेला जांभा कातळ आणि वाळलेले गवत. दूरवर झाडाचा पत्ता नाही. कागदोपत्री अशी जमीन 'पोटखराबा' ठरते. मग ती सुरुंग लावून फोडावी, माती आणून टाकावी, कलमे लावावीत किंवा चिऱ्याची खाण काढावी, असे वाटले तर नवल नाही. कलमांवर अनेकांची घरे चालतात, हेही खरेच.

पण त्याच सड्यावर श्रावणात जाऊन पाहा. कातळाच्या खळग्यांत पाणी असते आणि इंचभर मातीत पांढरे गेंद, निळी-जांभळी सीतेची आसवे दाटलेली असतात. या मातीत नत्र फार कमी. म्हणून सीतेच्या आसवांची ही इवलीशी वनस्पती ओल्या मातीतले सूक्ष्म जीव पकडून खाते. मोहरीपेक्षाही लहान पिशव्यांचे तिचे सापळे डोळ्यांची पापणी लवण्याआधी मिटतात. म्हणजे सडा रिकामा नव्हता. आपण चुकीच्या ऋतूत, चुकीच्या अंतरावरून पाहत होतो.

जैवविविधता मोजताना हे अंतर फार महत्त्वाचे. रॉबर्ट व्हिटेकर या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1960 मध्ये तिच्या तीन पातळ्या सांगितल्या. एका जागी किती जाती आहेत, ही पहिली, आल्फा. एका जागेहून दुसऱ्या जागी गेल्यावर जाती किती बदलतात, ही दुसरी, बीटा. आणि साऱ्या प्रदेशात मिळून किती, ही तिसरी, गॅमा.

सड्यांच्या बाबतीत खरी मेख दुसऱ्या पातळीत आहे. एका सड्यावरच्या जातींची यादी एखाद्या घनदाट जंगलापेक्षा लहान भरेल. पण सडा बदलला की यादीही बदलते. कोकणातली दीपकाडी साताऱ्याकडच्या उंच पठारांवर मिळत नाही. दोन्हीकडे कातळ जांभाच, पण उंची, पाऊस आणि धुके निराळे.

साताऱ्याजवळचे कास पठार 2012 मध्ये पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर जागतिक वारसा यादीत आले. ते आनंदाचेच. मात्र 'कास राखले, म्हणजे पठारे राखली' हा हिशेब चुकीचा आहे. एक पठार म्हणजे पुस्तकाचे एक पान.

म्हणून कोणत्याही सड्याला पडीक ठरवण्यापूर्वी तो पावसाळ्यात, गुडघे टेकून पाहायला हवा, आणि शेजारच्या चार सड्यांशी ताडून पाहायला हवा. उपग्रहाच्या चित्रात उन्हाळ्यातला कातळ दिसतो, त्यातले बी दिसत नाही. फोडलेला कातळ तर पुन्हा सांधता येत नाही.