शाळेची हद्द, पटसंख्या आणि सामाजिक मिश्रण : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

कोठारी आयोगाने (१९६४-६६) शेजारशाळेची शिफारस केली तेव्हा केवळ घराजवळची सोय आयोगाच्या मनात नव्हती. एका परिसरातील सधन आणि निर्धन, सर्व जातिधर्मांची मुले एकाच वर्गात बसावीत, हा त्यामागील मुख्य हेतू होता. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ मध्ये शेजाराची कल्पना आली. पण नियमांत ती प्रामुख्याने अंतराच्या रूपाने उरली. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर ही मर्यादा आहे. अमेरिकेप्रमाणे प्रत्येक शाळेची हद्द आपल्याकडे नकाशावर आखली जात नाही. हे अंतर हीच आपली हद्द होय. ती सरकली की कोणत्या शाळेत किती मुले बसणार आणि कोणाची मुले बसणार, ही दोन्ही उत्तरे बदलतात. पहिल्या प्रश्नाची चर्चा पुष्कळ होते, दुसऱ्याची जवळजवळ नाही. प्रस्तुत लेखात गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात या दोहोंचा एकत्रित विचार केला आहे.

वर्तुळ आणि वाट

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १३ लाख २२ हजार असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे १६ टक्के, तर अनुसूचित जातींचे सुमारे १३ टक्के आहे. मात्र जिल्ह्याची सरासरी येथे फारशी उपयोगी नाही. देवरी व सालेकसा तालुक्यांत गोंड, हलबा यांची वस्ती अधिक. गोंदिया व तिरोडा तालुक्यांत पोवार, कुणबी शेतकऱ्यांची मोठी गावे आहेत. शिवाय मूळ गाव आणि त्याचे टोले अशी येथील वसाहतीची रचना असून टोला अनेकदा एकाच समाजाचा असतो. त्यामुळे टोल्यावरची शाळा जवळची असते, पण मिश्र नसते. गावची शाळा मिश्र होऊ शकते, पण टोल्यापासून दूर पडते. पटसंख्येचा प्रश्न नसता तरी ही अडचण राहिलीच असती.

एक किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ३.१४ चौरस किलोमीटर, तर तीन किलोमीटर त्रिज्येचे सुमारे २८ चौरस किलोमीटर होते. त्रिज्या तिप्पट केली की क्षेत्र नऊपट होते आणि पट सहज वाढल्यासारखा दिसतो. पण मूल त्रिज्येवरून चालत नाही, ते वाटेने चालते. पावसाळ्यात धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या असतात, नाले वाहत असतात, आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या आसपासच्या वस्त्यांना जंगलाचीही धास्ती असते. केंद्राच्या २०१० च्या नमुना नियमांत पूर, रस्त्यांचा अभाव किंवा लहान मुलांना वाटेत धोका असेल तेथे शेजाराची मर्यादा कमी करण्याची तरतूद होती. हद्द वाढविण्याच्या चर्चेत तिचा उल्लेख क्वचितच होतो.

पटाचे गणित

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागविले. अशा शाळांची संख्या राज्यात १४,७८३ सांगण्यात आली. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ येथील प्रयोगांचा दाखला देण्यात आला. दोन-चार मुलांच्या वर्गात समवयस्कांचा सहवास मिळत नाही, खेळाचा संघ उभा राहत नाही, हे विभागाचे म्हणणे खोटे नव्हे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही हीच चिंता व्यक्त झाली आहे.

परंतु एकत्रीकरणाने शिक्षक वाढतात, हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. अधिनियमाच्या अनुसूचीनुसार प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार आणि १२१ पासून पाच शिक्षक मिळतात. उदाहरणादाखल, १४ आणि ९ पटाच्या दोन टोल्यांच्या शाळा एकत्र केल्या तर चार शिक्षकांच्या जागी दोन राहतात, वर्ग मात्र पाचच. म्हणजे बहुवर्ग अध्यापन संपत नाही; केवळ दोन पदे वाचतात. प्रत्येक इयत्तेस स्वतंत्र शिक्षक हवा असेल तर वीस पटाच्या सहा शाळा एकत्र करूनही एक मूल कमी पडते! तेव्हा एवढ्या मोठ्या परिसरातून मुले आणायची तर वाहन हवे. मानव विकास कार्यक्रमातील निळ्या बसगाड्या आठवी ते बारावीच्या मुलींसाठी आहेत. सहा वर्षांच्या मुलाला त्यांचा उपयोग नाही.

नाशिक जिल्ह्यातील दरेवाडी येथील धरणग्रस्त कुटुंबांच्या मुलांनी २०२२ मध्ये शाळा बंद होताच दप्तरांच्या बदल्यात बकऱ्या द्या, अशी मागणी जिल्हा परिषदेकडे केली होती. विनोद म्हणून ती बातमी वाचली गेली. वस्तुतः हद्द बदलल्यावर मुलांचे काय होते याचे ते अचूक विधान होते.

पंचवीस टक्क्यांची हद्द

सामाजिक मिश्रणाचे दुसरे साधन म्हणजे कलम १२(१)(ग) नुसार खाजगी विनाअनुदानित शाळांतील पंचवीस टक्के जागा. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने शासकीय वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खाजगी शाळांना या दायित्वातून वगळले. जवळजवळ प्रत्येक वस्तीत जिल्हा परिषदेची वा अनुदानित शाळा असल्याने ही तरतूद व्यवहारात निष्प्रभ झाली असती. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अधिसूचना रद्द केली व पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. मूल शाळेच्या जवळ असावे यासाठी आलेले एक किलोमीटर येथे गरीब मूल विशिष्ट शाळेपासून दूर ठेवण्याचे माप झाले होते, हे लक्षणीय आहे.

यातील असमतोल आणखी एका बाजूने दिसतो. सधन कुटुंब कोणत्याही वर्तुळात बांधलेले नसते. खाजगी शाळेची गाडी दारापर्यंत येते, मूल तालुक्याच्या ठिकाणी जाते आणि गावच्या शाळेचा पट घटतो. मग त्या घटलेल्या पटाच्या आधारे राहिलेल्या मुलांची हद्द वाढविली जाते. अमेरिकेतील वेक काउंटीने २००० मध्ये सवलतीच्या जेवणास पात्र मुले कोणत्याही शाळेत ४० टक्क्यांहून अधिक नसावीत, असे उद्दिष्ट ठेवले. २०१० मध्ये शाळा मंडळातील बहुमत बदलताच ते धोरण सोडण्यात आले. ते टिकले नाही, तरी तेथे बसचा खर्च सार्वजनिक होता आणि तिचा प्रवास सर्वच थरांतील मुलांच्या वाट्याला येत होता. आपल्याकडे अंतर एकाच थराने सोसायचे असते.

दोन संस्थांमधील रेषा

गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडवा, कटंगी, फुलचूर यांसारख्या गावांत प्रश्न वेगळा आहे. शहर तेथपर्यंत पसरले, पण नगर परिषदेच्या शाळा आणि जिल्हा परिषदेच्या शाळा यांचे व्यवस्थापन निराळे. डेट्रॉइटच्या मिलिकेन खटल्यात (१९७४) अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शहर आणि उपनगरे यांच्या शालेय सीमा ओलांडून मुलांची फेरवाटणी करण्यास नकार दिला, आणि शहरातील मिश्रणाचा प्रयत्न तेथेच थांबला. आपल्याकडे असा न्यायालयीन अडसर नाही. दोन कार्यालयांची सवय तेवढी आहे. कलम ९ नुसार आपल्या क्षेत्रातील चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य असून, रेषेच्या दोन्ही बाजूंच्या नोंदी एकत्र मांडण्यास कायद्याचा विरोध दिसत नाही.

या नोंदीत मुलांच्या संख्येबरोबर घरापासूनची प्रत्यक्ष वाट, घरची भाषा (गोंडी, पोवारी, छत्तीसगढी) आणि खाजगी गाडीने बाहेर जाणाऱ्या मुलांचा आकडा आला, तर एकत्रीकरणाचा प्रस्ताव ग्रामसभेत तपासता येईल. शाळा व्यवस्थापन समितीबाबतही हेच. कलम २१ नुसार समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि दुर्बल घटकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व असावे. टोल्याची शाळा गावच्या शाळेत विलीन झाली की टोल्याची समितीही जाते. नव्या समितीत नऊ मुलांच्या पालकांपैकी कोण बसणार, हे विलीनीकरणाच्या आदेशातच लिहिले गेले पाहिजे.